पाऊसबागेची रचना, नागरी सूक्ष्महवामान व औष्णिक सुखावहता : बीड शहराच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

बीड जिल्हा महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात मोडतो. जिल्ह्याचे वार्षिक सरासरी पर्जन्यमान सुमारे ६६६ मि.मी. असून त्यातील चार-पंचमांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने जमीन, विहिरी आणि माणसे या चार महिन्यांच्या शिदोरीवर काढतात. १९७२, २०१२-१३ व २०१५-१६ या वर्षांतील दुष्काळ जिल्ह्याच्या स्मरणात आहेत. त्याचप्रमाणे जुलै १९८९ मध्ये बिंदुसरेला आलेला पूर आणि सप्टेंबर २०२५ मधील मराठवाड्यातील अतिवृष्टीही विसरता येण्यासारखी नाही. एकाच भूभागावर पाण्याची टंचाई आणि पाण्याचा लोंढा या दोन्ही आपत्ती आलटून पालटून येतात, ही या प्रदेशाची प्रकृतीच होय.

शहरीकरणाने या प्रकृतीत आणखी एक भर घातली. पूर्वीची धाब्याची घरे, मातीची अंगणे व वाड्यांतील चौक यांच्या जागी सिमेंटचे स्लॅब, डांबरी रस्ते आणि पेव्हर ब्लॉक आले. परिणामी पडलेला पाऊस जमिनीत न मुरता गटारात जातो आणि उन्हाळ्यात तापलेली पृष्ठे रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतात. या दोन्ही प्रश्नांवर एकत्रित उपाय म्हणून अलीकडे 'रेन गार्डन' ही संकल्पना सुचविली जाते. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी 'पाऊसबाग' असा सुटसुटीत शब्द योजिला आहे. पाऊसबागेच्या रचनेचा परिसराच्या सूक्ष्महवामानावर व तेथे वावरणाऱ्या माणसाच्या औष्णिक सुखावहतेवर, म्हणजेच शरीराला जाणवणाऱ्या उष्णतेच्या सुसह्यतेवर, कोणता परिणाम होतो, आणि बीडसारख्या शहरात ही रचना कशी असावी, याचे विवेचन येथे केले आहे.

संकल्पना आणि तिचे मूळ हवामान

पाऊसबाग म्हणजे छत, रस्ता किंवा फरसबंद अंगण यांवरून वाहून येणारे पाणी काही काळ थांबवून मुरविणारा, सच्छिद्र मातीने भरलेला व वनस्पतींनी आच्छादलेला उथळ खोलगट वाफा. शोषखड्ड्याशी तिचे नाते जवळचे असले तरी दोन्ही एक नव्हेत. शोषखड्डा पाणी जमिनीखाली पोहोचविण्याचे काम करतो. पाऊसबाग तेच पाणी मुळांच्या आवाक्यात ठेवते व पानांवाटे हवेत परत देते. सूक्ष्महवामानाच्या दृष्टीने हा फरक निर्णायक आहे.

या संकल्पनेला आजचे रूप अमेरिकेतील मेरीलँड राज्यातील प्रिन्स जॉर्जेस काउंटी येथे १९९० च्या सुमारास प्राप्त झाले. तेथे पाऊस वर्षभर जवळजवळ सारख्या प्रमाणात पडतो. वाफा भरतो, मुरतो, काही दिवसांनी पुन्हा भरतो; मातीत ओल टिकते आणि उन्हाळ्यातही पाने बाष्प सोडत राहतात. पाऊसबाग परिसर थंड ठेवते हे विधान अशा हवामानात बहुतांशी खरे ठरते. तोच आराखडा बीडमध्ये जसाच्या तसा उतरविला तर काय होईल, हा प्रश्न मात्र वेगळा आहे. आणि उपलब्ध मार्गदर्शक पुस्तिकांत त्याचा विचार क्वचितच आढळतो.

उष्णतेचा हिशेब

शहरे भोवतालच्या ग्रामीण भागापेक्षा उष्ण असतात हे लंडनच्या हवामानाच्या नोंदींवरून ल्यूक हॉवर्ड याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच दाखविले होते. त्यामागील ऊर्जेचा ताळेबंद टिमोथी ओक या कॅनडातील हवामानशास्त्रज्ञाने १९७० व १९८० च्या दशकांत सविस्तर मांडला. सूर्यापासून मिळालेल्या ऊर्जेपैकी काही हवा तापविण्यात, काही जमीन तापविण्यात व काही पाण्याचे बाष्प करण्यात खर्च होते. बाष्पीभवनात खर्ची पडलेली ऊर्जा हवेचे तापमान वाढवीत नाही. कोरड्या काँक्रीटवर हा तिसरा वाटा जवळपास नसतोच. म्हणून सारा भार पहिल्या दोन वाट्यांवर येतो.

बाष्पीभवनाचे सामर्थ्य किती, हे एका घरगुती उदाहरणावरून स्पष्ट होईल. एक लिटर पाण्याचे बाष्प होताना सुमारे २४ लक्ष ज्यूल उष्णता शोषली जाते. उन्हाळ्यात संध्याकाळी अंगणात सडा घालण्याची पद्धत मराठवाड्यात आजही आहे. त्यात दहा लिटर पाणी वापरले व ते संपूर्ण उडून गेले, तर दीड टनी वातानुकूलन यंत्र सुमारे सव्वा तासात खोलीतून जेवढी उष्णता बाहेर काढते तेवढी उष्णता या सड्याने शोषलेली असते. अर्थात, उघड्यावर वाऱ्यामुळे हा गारवा पसरून जातो. परंतु सडा घालणाऱ्यांचा अनुभव शास्त्राच्या कसोटीवर उतरतो, एवढे निश्चित.

तथापि, बाष्पीभवनाने हवा किती थंड होऊ शकते याला एक मर्यादा आहे. ती मर्यादा हवेतील आर्द्रतेवर, शास्त्रीय भाषेत ओल्या कंदाच्या तापमानावर, अवलंबून असते. मे महिन्यातील दुपारी तापमान ४१ अंश सेल्सिअस व सापेक्ष आर्द्रता २० टक्के धरली तर ओल्या कंदाचे तापमान २३ अंशांच्या जवळ येते. म्हणजे सैद्धांतिक वाव तब्बल १८ अंशांचा. जुलैत तापमान २९ अंश व आर्द्रता ७५ टक्के धरल्यास हा वाव चार अंशांपुरता उरतो. कूलर मे महिन्यात गारवा देतो आणि जुलैत नुसता दमटपणा वाढवितो, हे प्रत्येक घरात ठाऊक असते. त्याचे कारण हेच.

पाऊसबाग हाही एका अर्थाने उघड्यावरचा कूलरच आहे. मात्र या कूलरची टाकी जून ते सप्टेंबरमध्ये भरलेली असते आणि एप्रिल-मेमध्ये रिकामी. ज्या काळात बाष्पीभवनाला वाव नाही त्या काळात पाणी मुबलक. ज्या काळात वाव आहे त्या काळात पाणी नाही. एवढेच नव्हे, तर दमट पावसाळी दिवशी वारा पडला असता जास्तीचे बाष्प घाम वाळण्यास अडथळा करते व सुखावहता किंचित कमीच होते. बीडच्या संदर्भात पाऊसबागेच्या रचनेचा विचार या विसंगतीपासून सुरू झाला पाहिजे.

या दोन टोकांच्या मध्ये ऑक्टोबर महिना येतो. हस्ताचा पाऊस ओसरल्यावर आकाश निरभ्र होते, ऊन चढते आणि हवा कोरडी पडू लागते. तापमान ३३ अंश व आर्द्रता ४० टक्के धरल्यास बाष्पीभवनाचा वाव दहा अंशांच्या आसपास येतो, आणि माती अजून ओली असते. साध्या, गवताळ पाऊसबागेचा खरा उपयोग बीडमध्ये असेल तर तो या चार-सहा आठवड्यांत.

शरीराला काय जाणवते

उकाड्याची चर्चा बहुधा हवेच्या तापमानाभोवती फिरते. परंतु मानवी शरीराची उष्णता-देवघेव चार घटकांवर ठरते : हवेचे तापमान, आर्द्रता, वारा आणि भोवतालच्या पृष्ठांकडून व सूर्याकडून येणारे प्रारण. कोरड्या, प्रखर उन्हाच्या प्रदेशात या चौघांत प्रारणाचा वाटा सर्वांत मोठा असतो. झाडाखालील व उन्हातील हवेच्या तापमानात एक-दोन अंशांचाच फरक आढळतो. परंतु सूर्य, आकाश, तापलेली जमीन व भिंती यांच्या प्रारणाचा एकत्रित परिणाम दर्शविणारे सरासरी प्रारण तापमान दाट सावलीत वीस ते तीस अंशांनी खाली येऊ शकते. लिंबाखाली बसलेल्या माणसाला जो आराम वाटतो तो प्रामुख्याने या दुसऱ्या फरकामुळे. 'शरीरक्रियात्मक समतुल्य तापमान' यासारखे आधुनिक निर्देशांक या चारही घटकांचा विचार करतात. म्हणून केवळ तापमापीच्या आकड्यावरून बागेचे यशापयश ठरविणे अयोग्य होय.

याचा रचनेवर होणारा परिणाम सरळ आहे. मे महिन्याच्या दुपारी कोरडी पडलेली, फुलझाडांची व हिरवळीची पाऊसबाग सुखावहतेच्या दृष्टीने मोकळ्या जागेहून फारशी सरस ठरणार नाही. पाऊसबागेत झाड असले, ते झाड त्या काळात पर्णभारयुक्त असले आणि त्याची सावली माणसे बसतात तेथे पडत असली, तरच एप्रिल-मेमध्ये तिचा लाभ मिळेल. पावसाळ्यातील पाणी हे येथे थेट गारव्यासाठी नसून सावली जगविण्यासाठी आहे.

काळी माती : अडचण व युक्ती

रचनेतील सर्वांत अवघड भाग मातीचा आहे. शहराभोवती बऱ्याच ठिकाणी काळी कपाशीची जमीन आढळते. ती उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे मृगाचा पहिला पाऊस भेगांतून झपाट्याने खाली उतरतो. पुढे माती फुगली की भेगा मिटतात व मुरण्याचा वेग ताशी काही मिलिमीटरवर किंवा त्याहूनही खाली येतो. येथे एक साधा हिशेब करणे उपयुक्त ठरेल. शंभर चौरस मीटर छतावर २५ मि.मी. पाऊस पडला तर अडीच हजार लिटर पाणी खाली येते. बारा चौरस मीटरचा, २० सें.मी. खोल वाफा यातील २,४०० लिटर सामावून घेतो. मुरण्याचा वेग ताशी ५ मि.मी. असेल तर हा वाफा ४० तासांत रिकामा होतो. ताशी १ मि.मी. असेल तर २०० तास, म्हणजे आठ दिवसांहून अधिक काळ लागतो. डेंग्यू पसरविणाऱ्या एडिस डासाची अंड्यापासून प्रौढावस्थेपर्यंतची वाढ साधारण सात ते दहा दिवसांत होते. त्यामुळे काळ्या मातीत नुसता खड्डा खणून त्याला पाऊसबाग म्हणणे हे डासांना निमंत्रणच होय. साचलेले पाणी ४८ तासांच्या आत मुरले पाहिजे, ही अट कोणत्याही परिस्थितीत शिथिल करता येणार नाही.

याकरिता वरची काळी माती सुमारे एक मीटर खोलीपर्यंत काढून तिच्याऐवजी वाळू, पोयटा व कुजलेले शेणखत यांचे मिश्रण भरावे लागते आणि तळ शक्यतो मुरमापर्यंत न्यावा लागतो. बालाघाटच्या डोंगररांगेच्या परिसरातील बेसाल्ट खडकात वरचा झिजलेला मुरमाचा थर पाणी धरतो व पुढे देतो. त्याखालील अखंड पाषाणात मात्र भेगा असल्याशिवाय पाणी शिरत नाही. मुरण्याचा वेग तपासण्यासाठी ३० सें.मी. खोल खड्ड्यात पाणी भरून पातळी किती उतरते ते पाहण्याची सोपी चाचणी आहे. ही चाचणी मे महिन्यात घेतल्यास भेगांमुळे निष्कर्ष भ्रामकरीत्या चांगला येतो. ती माती पुरती भिजल्यावर, श्रावणात घेणे योग्य. तसेच काळी माती फुगते व आक्रसते, म्हणून वाफा इमारतीच्या पायापासून किमान तीन मीटर दूर असावा.

आता ओल किती टिकते ते पाहू. बारा चौरस मीटर व एक मीटर खोल मातीत वनस्पतींना घेता येईल असे पाणी पंधरा टक्के धरल्यास १,८०० लिटरचा साठा होतो. गवताळ वाफ्यातून दररोज ५ मि.मी. पाणी उडाले तर दिवसाला ६० लिटर, म्हणजे अवघ्या महिन्याभरात साठा संपतो. ऑक्टोबरच्या मध्याला पाऊस थांबला तर दिवाळीच्या पुढे-मागे वाफा कोरडा. मात्र त्याच छतावरून वर्षभरात, वीस टक्के तूट वजा जाता, सुमारे ५३ हजार लिटर पाणी खाली आलेले असते. ते मुरमात उतरले आणि झाडाची मुळे तेथवर पोहोचली तर उन्हाळ्यातील सावलीचा पाया घातला जातो. खोल मुळांचे झाड आणि उथळ मुळांची हिरवळ यांतील निवड ही येथे सौंदर्याची बाब राहत नाही.

स्थानिक परंपरेतील दाखले

पाणी जमिनीखाली ठेवून वापरण्याची दृष्टी बीडला नवी नाही. शहराच्या दक्षिणेस काही किलोमीटरवर असलेली खजाना विहीर १५८२ मध्ये, मूर्तझा निजामशहाच्या कारकिर्दीत, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने बांधविली; तिच्या रचनेचे श्रेय राजा भास्कर या स्थापत्यकाराकडे जाते. पाणी आणणारी दोन व पाणी नेणारे एक अशी भुयारे या विहिरीस असून उताराच्या आधारे, कोणत्याही मोटेशिवाय, खालच्या बाजूच्या शेतीबागायतीस पाणी पोहोचावे अशी ही व्यवस्था आहे. मराठवाड्याच्या हवेत उघड्या जलाशयावरून वर्षाकाठी दोन मीटरच्या आसपास पाणी उडून जाते. जमिनीखालील भुयारांत ही हानी होत नाही, हे तिचे मर्म.

याच सलाबतखानाचा दुसरा दाखला तुलनेसाठी उद्बोधक आहे. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, येथील फराहबाग हा महाल त्याने १५८३ मध्ये पूर्ण केला. विस्तीर्ण तलावाच्या मधोमध उभारलेल्या या वास्तूत सभोवतीच्या पाण्यावरून येणारा वारा, जाड भिंती व उंच दालने यांतून गारवा साधला होता. मे महिन्याच्या दृष्टीने ही रचना अधिक परिणामकारक. परंतु तिच्यासाठी बाहेरून सतत पाणी आणावे लागे आणि ती एका दरबाराची चैन होती. बीड शहरातील कंकालेश्वर मंदिरही जलकुंडाच्या मध्यभागी उभे आहे. तेथे कुंडात पाणी असताना व नसताना मंडपातील हवेत पडणारा फरक हा स्थानिक अभ्यासकांना सहज मोजता येण्याजोगा विषय आहे. नगरपालिकेच्या शहराला फराहबाग परवडणारी नाही. खजाना विहिरीचे तत्त्व मात्र एखाद्या शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या आवारातही लहान प्रमाणात आणता येते.

वनस्पतींची निवड व मांडणी

झाडांच्या निवडीत दोन कसोट्या एकत्र लावाव्या लागतात : पावसाळ्यात मुळाशी पाणी सहन करणे आणि एप्रिल-मेमध्ये पाने असणे. पळस, पांगारा, काटेसावर ही झाडे फुलांनी मन वेधून घेतात, पण उन्हाळ्याच्या तोंडावर निष्पर्ण असतात. गुलमोहराची पाने एप्रिलच्या उन्हात बहुधा गळालेलीच असतात. रस्त्याकडेला व आवारांत त्याचीच लागवड सर्वाधिक व्हावी, हे या दृष्टीने खेदाचे आहे. करंज दोन्ही कसोट्यांवर उतरतो. त्याला फुटणारी चैत्रातील कोवळी पालवी ऐन उन्हाळ्यात दाट सावली धरते आणि पाणथळ जागाही तो सोसतो. जांभूळ सदाहरित असून ओढ्याकाठी वाढणारा आहे. अर्जुनही नदीकाठचाच वृक्ष. लिंबाची सावली उत्तम असली तरी त्याची मुळे तुंबलेले पाणी सहन करीत नाहीत, म्हणून त्याचे स्थान वाफ्याच्या तळाशी नसून काठावर. तळाशी वाळा लावावा. पूर व कोरड दोन्ही सोसणारे आणि मुळे खोल नेणारे यासारखे गवत दुसरे क्वचितच सापडेल. कूलरच्या ताट्यांत ज्याच्या मुळ्या भरल्या जात तेच हे गवत, हा योगायोगही रंजक आहे.

मांडणीत दिशेचे महत्त्व मोठे. उन्हाळ्यात दुपारचे वारे प्रामुख्याने पश्चिम-वायव्येकडून वाहतात आणि कलते ऊनही पश्चिमेकडून येते. म्हणून बसण्याच्या जागेच्या पश्चिमेस वाफा व झाडे असल्यास दुपारी तीननंतरची सावली आणि वाऱ्याबरोबर येणारा थोडाफार गारवा दोन्ही एकाच जागी मिळतात. प्रत्यक्षात पाऊसबागेची जागा बहुधा पन्हळीच्या सोयीने, इमारतीच्या मागील बाजूस, जेथे कोणी बसत नाही अशा ठिकाणी ठरविली जाते. पाणी त्यामुळे मुरते, परंतु सुखावहतेच्या दृष्टीने तिचा उपयोग शून्यवत राहतो. एका उथळ फरसबंद चरातून पाणी पंधरा-वीस मीटर पुढे आणणे खर्चाचे काम नाही.

रात्रीचा विचारही करावा लागतो. ओली माती कोरड्या मातीपेक्षा अधिक उष्णता साठविते, आणि दाट पर्णछत्र जमिनीची उष्णता आकाशाकडे जाऊ देत नाही. त्यामुळे ज्या गच्चीवर वा अंगणात माणसे उन्हाळ्यात झोपतात त्याच्यावर झाडांचे छत नसणे इष्ट. जुन्या वाड्यांत चौक उघडा व झाड परसात, ही विभागणी या दृष्टीने विचारपूर्वक झालेली दिसते.

शैक्षणिक आवारे : संधी व मोजमाप

नॅकच्या २०१७ च्या सुधारित मूल्यांकन चौकटीत सातव्या निकषाखाली पर्जन्यजल संधारण व हरित आवार यांविषयी माहिती विचारली गेली. त्यामुळे अनेक महाविद्यालयांत शोषखड्डे खणले गेले व त्यांची छायाचित्रे अहवालांना जोडली गेली. याच काळात अनेक आवारांत झाडांच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉकही बसविले गेले, हे विसंगत आहे. जे पाणी बुंध्याशी मुरले असते ते गटारात सोडायचे आणि दुसऱ्या कोपऱ्यात खड्डा खणून मुरवायचे, याला संधारण म्हणणे कठीण. बुंध्याभोवतीचे ब्लॉक दीड-दोन मीटर त्रिज्येत उचलून तेथेच उथळ वाफा करणे हा सर्वांत स्वस्त प्रकार ठरतो. कारण सावली तेथे आधीच तयार आहे.

विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा मार्च ते मे या काळात होतात. केंद्राबाहेर थांबलेले पालक, प्रवेशद्वारावरील पहारेकरी, फाटकापाशी रस विकणारे यांच्या वाट्याला येणारी दुपार ही या विषयाची खरी प्रयोगशाळा आहे. भूगोल व भौतिकशास्त्र विभागांना मिळून हे मोजमाप करता येईल. टेबल टेनिसच्या चेंडूस करडा रंग देऊन त्यात तापमापीचा कंद बसविल्यास प्रारणाचा प्रभाव दाखविणारा साधा गोल-तापमापी तयार होतो. तो, त्याच्याजवळ सावलीत ठेवलेला साधा व ओल्या कंदाचा तापमापी आणि हातातील वायुवेगमापी एवढी साधने पुरेशी आहेत. नोंदी तीन ठिकाणी घ्याव्यात : पेव्हर ब्लॉकवर उघड्या उन्हात, ब्लॉकने वेढलेल्या झाडाखाली आणि वाफा केलेल्या झाडाखाली. पहिल्या वर्षी दुसऱ्या व तिसऱ्या ठिकाणांत फरक जवळजवळ दिसणार नाही. मुळांनी मुरमातील ओल गाठेपर्यंत तीन-चार पावसाळे जावे लागतात. गाळाने वाफ्याचे तोंड बुजते, म्हणून दरवर्षी मृगापूर्वी ते साफ करण्याची जबाबदारी नावानिशी कोणाकडे तरी असावी लागते. वाफा खणण्यापूर्वीच्या उन्हाळ्यातील नोंदी हाती नसतील तर पुढील तुलना अपुरी राहते. त्यामुळे अशा कामाचा आरंभ जूनमध्ये कुदळीने न होता एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नोंदवहीने व्हावा.